लपती शिवण

त्या रविवारी बाबांची परीक्षा होती, आणि परीक्षेला बसणारा सोडून घरातले सगळे घाबरलेले होते.

परीक्षा घेणार होता दादा. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढून काढून त्याचा स्वभावसुद्धा आखीव झाला होता. कुठली नळी कुठून निघून कुठे मिळते हे कागदावर आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बाबांच्या डोक्यात अशीच कुठेतरी गळती लागली आहे आणि नेमक्या जागी नेमकं बूच बसवलं की ती थांबेल, असं त्याचं ठाम मत होतं. बुचं तो दर रविवारी पिशवीतून घेऊन यायचा. माशाच्या तेलाच्या पिवळ्या, पारदर्शक गोळ्या स्मरणशक्तीसाठी. कुठल्याशा पुरातन झाडाच्या पानांच्या हिरवट गोळ्या मेंदूला रक्त पोचावं म्हणून. हळदीच्या कॅप्सूल सूज उतरावी म्हणून. सूज कुठे आहे हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. आत्याने त्यात ब्राह्मीच्या गोळ्यांची भर घातली होती, आणि वहिनीने मन प्रसन्न राहावं म्हणून केशराचा अर्क आणून दिला होता, रोज दुधात चार थेंब टाकायचा.

"सगळं नैसर्गिक आहे," दादा म्हणायचा. "गुण आला तर आला. अपाय तर काही नाही."

या सगळ्याला कारण झालं होतं लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं. थंडीच्या दिवसांत बाबा ते शेगडीवर ठेवून समोरच्या न्हाव्याकडे गप्पा मारायला गेले आणि विसरले. दुकान जळता जळता वाचलं. दादा दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन हजर. "बस झालं आता. बाबा माझ्याकडे राहतील. लिफ्ट आहे, बाग आहे, शेजारी डॉक्टर आहेत." धाकटी म्हणाली होती, "बाबा कुठे जाणार नाहीत." त्यावरून भावाबहिणीत असं काही जुंपलं की आत्याला मध्ये पडावं लागलं. मग तह झाला. गोळ्या सुरू करायच्या. रविवारच्या दादाने स्वतः द्यायच्या, बाकी दिवसांच्या धाकटीने. आणि थंडी सरत आली की परीक्षा. स्मरण सुधारलेलं दिसलं तर बाबा दुकानावरच राहतील, नाहीतर दादाच्या घरी जातील.

धाकटीचा गोळ्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. पण बाबा इथे राहावेत यासाठी तिने दगडाची पूड द्यायलासुद्धा मागेपुढे पाहिलं नसतं. रोज सकाळी ती डबीचा त्या वाराचा कप्पा उघडायची आणि सगळ्या गोळ्या बाबांच्या तळहातावर ठेवायची. बाबा त्या तोंडात टाकायचे, वर पाणी प्यायचे, आणि "छान आहेत" म्हणून खाली दुकानात जायचे.

दुकान खुर्च्या-सोफ्यांचं. झिजलेलं कापड काढायचं, आतला काथ्या पिंजायचा, स्प्रिंगा घट्ट बांधायच्या आणि नवं कापड चढवायचं, हा धंदा. कॉलेज सोडून धाकटी इथे बसली ती बसलीच. रविवारी दुकान बंद असलं तरी घरची माणसं जमायची ती दुकानातच, कारण बसायला जागा मुबलक. गिऱ्हाइकांचेच सोफे. "कापडाचा पोत बघून बसा," बाबा पाहुण्यांना बजावायचे, "आणि चहा हातात धरून बोलताना हात हलवू नका."

बाबांची स्वतःची खुर्ची तेवढी घरची होती. उंच पाठीची, जाड हिरव्या कापडाची. धाकटीने एकटीने केलेलं पहिलं काम. झाल्यावर बाबा तीत बसले होते, डोळे मिटून, नेहमीसारखे. त्या दुकानात काम कसं झालंय हे विचारायची पद्धत नव्हती. बाबा बसायचे, अंग सैल सोडायचे, आणि उठताना म्हणायचे, "चालेल." त्याच्या वरचा शब्द दुकानात नव्हता. दादाने शाळेत असताना एक स्टूल शिवलं होतं. त्यालाही "चालेल" मिळालं, आणि पुढच्या सुट्टीपासून त्याने दुकानाची पायरी चढणं सोडून नकाशे काढायला सुरुवात केली. धाकटीला मात्र तो शब्द कळायचा. आणि कळतो म्हणून तिनेही कधी जास्तीचा शब्द वापरला नव्हता.

"हं, सुरू करू या," दादाने मोबाइल समोर धरला. प्रश्न त्याने कुठूनतरी उतरवून घेतले होते. "बाबा, आज वार कोणता?"

"तू आलायस, म्हणजे रविवार."

"असं नाही. आपलं आपण सांगायचं."

"आपलं आपणच सांगतोय. तुझी बायको आलीय, माझी बहीण आलीय, आणि ते बघ, बहिणीचा नवरा दाराशी उभा राहून खायला काय आहे याचा अंदाज घेतोय. सोमवारी इतकी माणसं माझ्याकडे कशाला येतील?"

दाराशी उभे असलेले आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, मनापासून हसले. माणूस मोठा दिलदार आणि देहानेही तसाच. "मेव्हणे, तुम्ही पास," ते म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," आत्या म्हणाली. ती जन्मभर टेलिफोन कचेरीत बसलेली. लोकांची बोलणी मध्येच तोडायचा हक्क ती स्वतःकडे राखून असे. "भाऊ, नीट उत्तरं दे. पोरगं कळकळीने विचारतंय."

"बरं, तीन शब्द सांगतो," दादा म्हणाला. "लक्षात ठेवायचे. मी नंतर विचारीन. लिंबू. पूल. रुमाल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? लक्षात राहतात का बघायला."

"तसं नाही रे. लिंबू आणायचंय का? पुलावरून आणायचं का रुमालात बांधून? काहीतरी कारण लागतं ना लक्षात ठेवायला."

वहिनी तोंड दुसरीकडे वळवून हसली. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात नावं पुकारायची, त्यामुळे हसू दाबायची तिला सवय होती.

"आता घड्याळ काढा," दादाने नेट सोडला नाही. "पावणेतीन वाजलेले दाखवा."

"भिंतीवरचं का मनगटावरचं?"

"कुठलंही, बाबा."

बाबा उठले आणि कापडावर खुणा करायचा खडू आणायला मागच्या टेबलाशी गेले. खुर्ची रिकामी झाली, आणि आतोबा इतका वेळ ज्या संधीची वाट पाहत होते ती साधून ते तीत बसले. बसले म्हणजे वरून आले. खुर्चीने सुस्कारा टाकला आणि पाठोपाठ दुकानात एक वास पसरला.

पहिल्यांदा वहिनीचं नाक आक्रसलं. मग आत्याने पदर नाकाला लावला.

"मासा," वहिनी म्हणाली. "कुठेतरी मासा कुजलाय."

"इथे कुठला मासा?" धाकटी म्हणाली.

"उंदीर असेल," आत्या म्हणाली.

"उंदराचा वास मला कळतो, आत्या. हा मासाच."

सगळ्यांनी आतोबांकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघताय?" ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी अजून काही खाल्लेलंसुद्धा नाही."

दादाच्या डोळ्यांत मात्र चमक आली. वास, दुकान, जुनं घर: म्हणजे सांडपाण्याची नळी. त्याने बाह्या वर सारल्या, मोरीशी गुडघे टेकले आणि बराच वेळ आत डोकं घालून बसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला शेवाळ लागलं होतं. "नळीत दोष नाही," तो जरा हिरमुसून म्हणाला.

"मांजर असेल," बाबा खडू घेऊन परत येत म्हणाले. त्यांचा चेहरा निर्विकार होता.

"आपल्याकडे मांजर कुठे आहे, बाबा?"

"बाहेरचं असेल. त्याचं काय, येऊन जाऊन असतं." आणि आतोबांना म्हणाले, "तुम्ही तिकडे त्या लाल सोफ्यावर बसा. त्याच्या स्प्रिंगा नव्या आहेत, तुम्हाला झेपतील."

मग त्यांनी खाकी कागदावर एका दमात गोल काढला. दादाने कागद हातात घेऊन तिरपा करून पाहिला. त्याला कंपास लावूनही इतका गोल आला नसता. काटे जिथल्या तिथे होते, आकडे जिथल्या तिथे. कागद त्याने घडी न घालता बाजूला ठेवला.

"शेवटचा प्रश्न मनाचा आहे," तो म्हणाला. आवाज थोडा खाली आला होता. "उदास वाटतं का?"

"वाटतं कधी कधी."

"केव्हा?"

"रविवारी परीक्षा असली की."

"बाबा, खरं सांगा."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतल्या कुंडीतलं झाड या दिवसांत कधी फुलत नसे, यंदा भरभरून फुललं होतं. "तुझी आई गेल्यापासून वाटतंच की," ते म्हणाले. "संध्याकाळी जास्त. पण त्याला गोळी कशाला? ते असू दे. तेवढं तरी तिचं म्हणून राहिलंय."

मग आत्याने नाक ओढलं, तिलाच वासाची आठवण झाली, आणि तिने पदर पुन्हा नाकाला लावला.

"ते तीन शब्द?" दादाने हळूच विचारलं.

"कुठले तीन शब्द?" बाबा म्हणाले.

वास, घड्याळ, मांजर या सगळ्या गमतीत धाकटी विसरली होती की आज खरोखरच काहीतरी ठरणार आहे. दादाने तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग त्या गोल घड्याळाकडे. "बरं," तो शेवटी म्हणाला, "थोडा गुण आहे. ही नवी बाटली संपेपर्यंत राहू देत इथेच. मग पुन्हा बघू."

पिशवीतून नवी बाटली निघाली. दादाने स्वतःच्या हाताने गोळ्या बाबांच्या तळहातावर ठेवल्या, वहिनीने पाण्याचा पेला दिला. बाबांनी सगळ्या एकदम तोंडात टाकल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान आहेत."

ते 'छान' किंचित डावीकडून आलं. धाकटीच्या कानाला ते ओळखीचं वाटलं. बाबा आयुष्यभर मूठभर बारीक खिळे गालात धरून गिऱ्हाइकांशी बोलत आले होते. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाने टिपायचा, ठोकायचा, आणि बोलणं चालूच. एकदा तर दादाच्या मुख्याध्यापकांशी ते असे कडाडून भांडले होते, आणि एकही खिळा खाली पडला नव्हता. तेव्हा त्यांचं बोलणं असंच जरासं डावीकडून यायचं. पण आज तोंडात खिळे कुठे होते? म्हातारपणी दात हलतात, तसं काही असेल, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

मंडळी गेली. रस्त्यावर उन्हं उतरली, समोर न्हाव्याने आरसे पुसून दुकान बंद केलं. धाकटी पेले विसळत होती. बाबा खुर्चीच्या मागे उकिडवे बसून काहीतरी करत होते.

"काय शोधताय?"

"काही नाही. कडेचा गोट जरा सुटला होता." ते गुडघ्यावर हात देत उठले, वाकडी सुई कोटाच्या कॉलरमध्ये खोचली आणि खुर्चीत टेकले. "लिंबू, पूल, रुमाल," ते म्हणाले.

धाकटीने पेला खाली ठेवला. "म्हणजे आठवत होतं तुम्हाला?"

"आत्ता आठवलं. नळीत डोकं घातलेला तो डोळ्यांसमोर आला, त्याच्या मागोमाग तिन्ही आले. दादाला सांगू नकोस."

"का?"

"उगाच गोळ्यांचं नाव होईल." ते हसले. "पण त्याला आणू देत. इतकी वर्षं परक्या माणसासारखा हात मागे बांधून यायचा, कधी काही घेऊन आला नाही. मीही कधी काही मागितलं नाही. आता दर रविवारी पिशवी भरून येतो. तो देतो, मी घेतो. आमचं दोघांचं बरं चाललंय."

मग थोड्या वेळाने, दुसरंच काही बोलावं तसं, त्यांनी विचारलं, "तुला करमतं ना गं इथे? माझ्यासारख्या म्हाताऱ्याबरोबर?"

"मला न करमायला वेळ कुठे आहे?" धाकटी म्हणाली. "उद्या आपल्या डॉक्टरीणबाईंचा सोफा द्यायचाय. चला, वर चला, गारठा सुटलाय."

"चालेल," बाबा म्हणाले आणि उठले.

*

सोमवारी सकाळी बाबा उठले, दाढी केली, गोळ्या घेतल्या, डॉक्टरीणबाईंच्या सोफ्याला शेवटची झालर लावायला बसले, आणि माप घ्यायची फीत हातात धरूनच एका कुशीवर कलंडले. इस्पितळात त्यांना शुद्ध आली नाही, तिथेच ते गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, ते दिसतंय. त्याबरोबर आणखी काही घेत होते का?"

दादाने सगळी नावं सांगितली. पानांच्या गोळ्यांचं नाव ऐकल्यावर डॉक्टरने लिहिणं थांबवलं.

"त्यानेसुद्धा रक्त पातळ होतं," तो म्हणाला. "दोन्ही एकत्र देत नाहीत. त्याच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. या वयात नुसत्या औषधानेही होतं. सांगता येत नाही."

'सांगता येत नाही' हे तीन शब्द दादा घेऊन गेला ते गेलाच. त्यानंतर तो रविवारी आला नाही. फोन केला तर वहिनी उचलायची. तो जेवत नाही, म्हणायची, सारखी ती बाटली हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचत बसतो.

धाकटीला ते समजत होतं, कारण तिचंही वेगळं काही नव्हतं. गोळ्या आणल्या दादाने, पण रोज सकाळी बाबांच्या हातावर ठेवल्या तिने. त्याहून एक गोष्ट तिला जास्त सलत होती. गेल्या महिन्यात ती बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी कानातला मळ काढला, रक्त तपासलं, बी-बारा कमी निघालं म्हणून इंजेक्शनं सुरू केली, रक्त पातळ करायची आपलीच जुनी गोळी चालू ठेवली. "निम्मं विसरणं कानात होतं," बाई म्हणाल्या होत्या, "ऐकूच येत नाही ते लक्षात कसं राहील?" मग त्यांनी विचारलं होतं, "याशिवाय आणखी काही घेता का?" आणि बाबा शांतपणे म्हणाले होते, "काही नाही." शेजारी बसलेल्या धाकटीने तोंड उघडलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाईंनी सगळं बंद केलं असतं, आणि दादाशी झालेला तह मोडला असता.

आता सोफा घ्यायला आल्या तेव्हा बाईंना तिने सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे," त्या म्हणाल्या. "धोत्राही नैसर्गिकच असतो. पण मला एक कळत नाही. तुझे वडील माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते."

शेवटी आत्यानेच सगळ्यांना बोलावलं. निमित्त होतं खुर्चीचं. "ती खुर्ची कोणी न्यायची ते ठरवू या," तिने दादाला फोनवर खडसावलं. "नाही, दुसऱ्याच्या हातून निरोप चालणार नाही. तू स्वतः ये. लाइन चालू आहे, मला तुझा श्वास ऐकू येतोय."

दादा आला. पिशवीशिवाय आला म्हणून त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. तो वाळला होता. धाकटीने चहा केला, कोणी प्यायला नाही. खुर्ची मध्ये होती आणि सगळे तिच्याभोवती उभे होते.

"मला नको," दादा म्हणाला. "माझा काही हक्क नाही."

"हक्काचं काय त्यात?" आत्या म्हणाली. "तू थोरला आहेस."

"आत्या, त्यांना मी..." दादाने वाक्य पुरं केलं नाही. वहिनीने त्याचा दंड धरला.

आतोबांना दुसऱ्याचं दुःख उभ्याने सहन होत नसे. ते होते तिथेच मागे सरले आणि खुर्चीत बसले. आतून 'पच्' असा बारीक आवाज झाला.

वास आला. तोच.

"बाई गं," वहिनी म्हणाली. "अजून आहे तो मासा."

या वेळी धाकटी मोरीकडे गेली नाही, नळीकडे गेली नाही. "आतोबा, उठा," ती म्हणाली. ती खुर्चीच्या मागे उकिडवी बसली, त्या संध्याकाळी बाबा बसले होते तशीच, आणि पाठीच्या खालच्या कडेवरून तिने बोटं फिरवली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हिरवं कापड सलग होतं. पण ही खुर्ची तिने शिवली होती, तिची शिवण कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तिच्या बोटांना पाठ होतं.

"ही शिवण माझी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" दादा म्हणाला.

"माझे टाके उसवून कोणीतरी परत शिवलंय. लपती शिवण. अशी बाबांशिवाय कोणाला येत नाही."

तिने उसवायची कात्री घेतली आणि थांबली. टाके इतके बारीक होते, इतके सारखे, की सरसाचं भांडं विसरणाऱ्या माणसाने ते घातलेत हे कोणाला सांगून पटलं नसतं. बाबांच्या हातचं शेवटचं पुरं झालेलं काम हेच होतं. उसवलं की गेलं. तसंच ठेवावं, कपाटात ठेवतात तसं जपावं, असं तिला एकदा वाटलं. मग तिने मान वर करून दादाकडे पाहिलं. तो लहानपणी स्टूल शिवून बाबा बसायची वाट बघत उभा होता, तसाच उभा होता.

तिने टाका कापला.

पहिल्यांदा काथ्याचा एक पुंजका बाहेर आला. मग त्यातून गोळ्या घरंगळल्या. पिवळ्या, तेलकट, काही फुटून चिकट झालेल्या. हळदीच्या. आत्याच्या ब्राह्मीच्या. आणि हिरव्या, पानांच्या. रंग किंचित पुसट झालेला, कोणीतरी गालात धरून लगेच बाहेर काढाव्यात इतकाच. फरशीवर त्यांचा ढीग झाला तरी त्या येतच राहिल्या.

दादा खाली बसला. सवयीने त्याने हिरव्या वेगळ्या केल्या, मोजायला लागला, आणि मध्येच थांबला. मोजायची गरज नव्हती.

"घेतल्याच नाहीत," तो म्हणाला. "एकसुद्धा नाही. पण माझ्यासमोर तर घ्यायचे. मी बघायचो."

"गालात धरायचे," धाकटी म्हणाली. आपल्याला हसू येतंय की दुसरं काही, हे तिला कळत नव्हतं. "खिळ्यांसारख्या. खिळे धरून मुख्याध्यापकांशी भांडलेला माणूस तो. तुझ्या गोळ्या काय चीज आहेत."

डॉक्टरीणबाईंना बाबा म्हणाले होते, काही नाही. खरंच बोलले होते.

दादा हसायला लागला. हसता हसता त्याने दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलत राहिले. वहिनी त्याच्याजवळ बसली. बऱ्याच वेळाने त्याने चेहरा पुसला आणि म्हणाला, "नाही म्हणायचं ना सरळ. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

"नाही म्हटलं असतं तर तू पिशवी आणली नसतीस," धाकटी म्हणाली. "त्यांना तू पिशवी घेऊन यायला हवा होतास. ते म्हणालेले मला. तो देतो, मी घेतो, आमचं बरं चाललंय."

दादाने मान हलवली.

"माझी ब्राह्मीसुद्धा," आत्या ढिगाकडे बघत म्हणाली. "सख्ख्या बहिणीची. लबाड मेला." आणि तिने डोळे पुसले.

"पण माझं केशर?" वहिनी एकदम म्हणाली. "ते तर पातळ होतं. ते कुठे शिवलं?"

सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी खिडकीतल्या कुंडीकडे गेल्या. झाड अजून फुललेलं होतं, अवेळी, अवाजवी आनंदात असल्यासारखं.

"गुण आला म्हणायचा," आतोबा म्हणाले.

आता मात्र सगळेच हसले, आणि त्या हसण्याबरोबर इतक्या दिवसांची कसलीशी गाठ सुटली. गार झालेला चहा पुन्हा गरम झाला. दादाने गोळ्या कागदात भरून फेकून दिल्या, फरशी पुसली, आणि वासाचं मूळ आपल्या नळीत नव्हतं हे दोनदा सांगितलं.

"तुझे अक्रोड मात्र खाल्ले हं त्यांनी," तो धाकटीला म्हणाला. रोज ती बाबांना मूठभर देत असे. "एकही निघाला नाही आत."

"बसताना टोचले असते," धाकटी म्हणाली.

तिने आत नवा काथ्या भरला. तिने कापला होता तिथपर्यंतच शिवण उसवली होती, कोपऱ्यातले बाबांचे टाके जसेच्या तसे होते. बाबांची वाकडी सुई कोटाच्या कॉलरमधून काढून तिने दोरा ओवला आणि त्यांच्या शेवटच्या टाक्याला आपला पहिला टाका जोडला. दादा जवळ बसून दोरा ताणून धरत होता. त्याने विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. गाठ मारताना त्याने बोट ठेवलं, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तसं.

"बस की," काम झाल्यावर तो म्हणाला. "बघ कसं झालंय."

धाकटी बसली. अंग सैल सोडलं, डोळे मिटले. सगळे एका शब्दाची वाट पाहत होते, तो शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. पण पाठीला ती शिवण लागत नव्हती म्हणूनच जाणवत होती, आणि गारठा सुटलेल्या त्या संध्याकाळी बाबांनी विचारलेला प्रश्न अजून तिथेच, उत्तराची घाई न करता, बसलेला होता.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मला करमत होतं."